वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही

माझी मावशी रबरी शिक्के बनवते. लग्न होऊन ती ज्या घरात गेली तिथे हेच काम चालायचं, आणि सासऱ्यांनी तिला सुरुवातीलाच दोन गोष्टी शिकवल्या. एक, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, उलटी वाचायला. दुसरी, गिऱ्हाइकाला न विचारायला. शिक्का कशावर मारणार, हे आपण विचारायचं नाही, ते म्हणत. डॉक्टर आजार विचारतो, शिंपी माप विचारतो, आपण फक्त अक्षरं विचारायची. बाकी त्याचा धंदा त्याच्यापाशी.

पहिली गोष्ट तिला सोपी गेली. दुसरी तिच्या स्वभावाविरुद्ध होती. भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण कुठे होणार इथपासून सगळं जाणून घ्यायची तिला हौस. पण दुकानात बसली की ती वेगळी बाई होई. कागदाचा चिठोरा घ्यायची, अक्षरं वाचून दाखवायची, 'बरोबर ना?' एवढंच विचारायची आणि खिळे जुळवायला घ्यायची. कुणाकुणाचे कसले कसले शिक्के तिच्या हातून गेले. 'मृत', 'नापास', 'पैसे मिळाले', 'पुन्हा सादर करावे'. एकदाही तिने भुवई उचलली नाही.

त्यांची गल्ली मुख्य बाजारपेठेच्या पाठीला होती. पुढच्या रस्त्यावर बँका आणि कापडाची मोठी दुकानं, आणि मागे ही अरुंद गल्ली, जिथे त्या दुकानांना आणि बँकांना लागणाऱ्या बारक्यासारक्या गोष्टी तयार होत. खोकी, वह्यांची बांधणी, पाट्या, कुलपं, शिक्के. सगळी घरं सारखी, खाली काम, वर संसार. आणि वर जाणारा जिना रस्त्यावर नव्हता, तो दुकानाच्या आत, मागच्या भिंतीला लागून असे. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला गल्लीत नुसती कामं चालताना दिसत. संध्याकाळी शटरं खाली ओढली की वाटे, माणसं आपापल्या घरी गेली. ती गेलेलीच असत, पण मागच्या जिन्याने वर.

मी सुट्टीत तिथे जायची. मावशीच्या खोलीतली एक जागा माझी ठरलेली होती, बरोबर खालच्या प्रेसच्या डोक्यावर. साच्यात रबर तापवणारं ते यंत्र दिवसभर चालू असे, त्यामुळे त्या जागची फरशी कोमट असायची आणि अंथरुणाला जळक्या रबराचा वास यायचा. मला तो वास आवडायचा. आईला नाही. घरी परतल्यावर ती माझे कपडे दोनदा धुवायची आणि म्हणायची, 'तुझी मावशी बिचारी सवयीने जगते.' मावशी मुळीच बिचारी नव्हती. काका तिला शिक्क्यांच्या लाकडी मुठी कातून देत आणि विनोद करत, ती विनोदावर न हसता काम करी, आणि मग बऱ्याच वेळाने, अगदी खिळा चिमट्यात धरलेला असताना, तिला हसू फुटे.

वरच्या दोन खोल्यांपैकी मागची खोली ते भाड्याने देत. एक तरुण तिथे राहायला आला तेव्हा मी कॉलेजात नुकती गेले होते. शहररचनेचं शिक्षण संपवून तो नगररचना कार्यालयात हंगामी म्हणून लागला होता. बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. त्याची आई लहानपणीच गेली होती. हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि मावशीने भाड्याची खोली त्याच दिवशी मनातून घरात जमा केली. तो तिला मावशी म्हणू लागला. मला ते थोडं खटकलं. तोपर्यंत त्या नावावर माझा एकटीचा हक्क होता.

शेजारच्या कुलूपवाल्याने त्याला खोलीची किल्ली घासून दिली. देताना म्हणाला, 'ही हरवलीस तर दुसरी करून देईन, पण टोमणा फुकट मिळेल.'

'हरवणार नाही.'

'सगळे असंच म्हणतात, म्हणून तर माझं घर चालतं.'

त्याला वर्तुळराव हे नाव कुलूपवाल्यानेच दिलं, आणि त्याचं कारण एका दुपारचा टीपकागद. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी सहज विचारलं होतं, 'काय रे, कार्यालयात तुम्ही दिवसभर नक्की काय करता?' त्याने मावशीकडे टीपकागद मागितला, तो पाण्याने ओला केला आणि मधोमध शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा एक थेंब सोडला. शाई गोल गोल पसरत गेली. मध्ये गडद, भोवती फिकी, त्याभोवती आणखी फिकी.

'हे शहर,' तो म्हणाला. 'मधोमध जागा सगळ्यांनाच हवी, म्हणून ती सगळ्यात महाग. ज्याला परवडते तो तिथे बसतो. बँका, मोठी दुकानं. बाकीचे बाहेर सरकतात. जवळ कामगार, मग नोकरदार, अगदी बाहेर ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते. शहर वाढतं म्हणजे आतलं प्रत्येक वर्तुळ बाहेरच्या वर्तुळात घुसतं.'

मग त्याने कागद तिरका धरला. शाई एका बाजूने ओघळली, पाचरीसारखी. 'दुसरे म्हणतात, वर्तुळं नाही, पाचरी. रेल्वे जिकडे जाते तिकडे कारखाने तिच्या कडेने जातात. श्रीमंत वस्ती एकदा टेकडीच्या रस्त्याला लागली की त्याच दिशेने वाढत राहते.' आणि शेवटी त्याने कोरड्या भागावर आणखी तीनचार थेंब टाकले. 'आणि तिसरे म्हणतात, शहराला एकच पोट नसतं. एक बंदराशी, एक विद्यापीठाशी, एक विमानतळाशी. प्रत्येक थेंब आपापला पसरतो आणि कुठेतरी एकमेकांना भिडतो.'

'यातलं खरं कोणतं?' कुलूपवाल्याने विचारलं. तो दारात उभा राहून ऐकत होता.

'तिन्ही थोडी थोडी. मॉडेल म्हणजे शहर नव्हे. शहर समजायला धरलेलं बोट.'

'आणि आम्ही कुठे?' मावशीने विचारलं.

त्याने गडद थेंबाला लागून असलेल्या कडेवर पेन्सिल टेकवली. 'इथे. दुसऱ्या वर्तुळात. याला बदलाचा पट्टा म्हणतात. बाजार कधीतरी इथवर येणार हे मालकांना माहीत असतं, म्हणून ते घरं दुरुस्त करत नाहीत. आज ना उद्या विकायचंच आहे.'

मावशीने वर पाहिलं, वरच्या खोलीचं छत पावसात गळायचं. 'म्हणजे आमचं छत नियमाने गळतं.'

काका इतके हसले की हातातली मूठ खाली पडली. त्या दिवसापासून गल्लीत 'आम्ही पट्ट्यातली माणसं' हा विनोद सुरू झाला. नळाला पाणी आलं नाही तरी पट्टा, मुलीचं लग्न लांबलं तरी पट्टा. आणि त्याचं नाव वर्तुळराव.

तो टीपकागद मावशीने फेकला नाही. वाळवून आरशामागे खोचून ठेवला. मला म्हणाली, 'शिकलेला मुलगा आहे, पण सांगतो कसं बघ. जेवायला वाढल्यासारखं.'

पुढच्या वर्षी मोठी योजना जाहीर झाली. शहराच्या बाहेर, विमानतळाच्या अलीकडे, नवं केंद्र उभं राहणार. कार्यालयं, न्यायालय, सगळं तिकडे. आणि स्टेशनापासून तिकडे जाणारा रुंद रस्ता आमच्या मावशीच्या गल्लीवरून जाणार. बातमी फुटली तेव्हा गल्ली आधी घाबरली आणि मग हिशेबाला लागली. कारण योजनेत एक सोय होती. रस्त्यात ज्यांचं राहतं घर जाईल, त्यांना नव्या केंद्राजवळच्या वसाहतीत खोल्या मिळणार. ज्यांचं नुसतं दुकान जाईल, त्यांना मात्र नोटीस आणि थोडीफार भरपाई. म्हणजे सगळं एका गोष्टीवर होतं. या गल्लीत माणसं राहतात, एवढं कागदावर यायला हवं होतं.

आणि ते कागदावर आणायला कार्यालयाने जमिनीच्या वापराची पाहणी करायला पाठवला तो वर्तुळराव.

गल्लीला सुटका झाल्यासारखं वाटलं. मावशी तर दारोदार सांगत फिरली, 'काळजी करू नका, आपलाच मुलगा आहे.' हे वाक्य तिने किती जणांना सांगितलं ते पुढे तिला विसरता येईना.

पाहणीच्या दिवशी मी तिथेच होते. तो फळीवर नकाशा लावून घरोघर फिरला. लोकांनी खुर्च्या पुढे केल्या, चहा झाला. तो विचारी, खाली काय चालतं, आणि घराच्या चौकोनात पेन्सिलने एक अक्षर लिही. कुलूपवाल्याच्या बायकोने सकाळपासून वरची खोली झाडून पुसून ठेवली होती, पलंगावर नवी चादर घातली होती. ती म्हणाली, 'चला ना, वर बघून घ्या.'

तो हसला. 'वहिनी, वर कशाला? वरचं मला माहीतच आहे.'

तिला त्यात माया दिसली. आम्हा सगळ्यांनाच दिसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो दुकानात एक चिठोरा घेऊन आला. कार्यालयाचा शिक्का हवा होता. मावशीने नेहमीप्रमाणे अक्षरं वाचली, 'निवासी वापर नाही. बरोबर ना?'

'बरोबर.'

काका मूठ घासत होते. म्हणाले, 'हा कुणाच्या कपाळावर मारायचाय, वर्तुळराव?'

'अहो,' मावशी म्हणाली, 'तुम्हाला किती वेळा सांगायचं. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही.'

त्याने खिशातली पेन्सिल सरळ केली. बोलायची गरजच पडली नाही. खोटं सांगण्याचे कष्टही मावशीने त्याला दिले नाहीत. ती खिळे जुळवू लागली. तिच्या जुन्या खिळ्यांमधल्या 'स'च्या पोटात एक बारीक चीर होती, आणि नवा खिळा आणायचं तिच्याकडून नेहमी राहून जाई. रबर तापलं, साच्यातून निघालं, तिने कडा कापल्या, मुठीला चिकटवलं आणि रद्दी कागदावर पहिला ठसा उठवून त्याला दाखवला. ठसा स्वच्छ होता. तिने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

महिन्याअखेरीस त्याची नोकरी कायम झाली. त्याने पेढ्यांऐवजी मावशीला एक भिंग आणून दिलं, बारीक खिळे वाचायला. आणि नव्या केंद्राजवळ कार्यालयाचं घर मिळतंय म्हणून सामान हलवलं. मावशी त्याचे कपडे घडी करून देत होती आणि रडत नव्हती, म्हणजे नाक पुन्हा पुन्हा पुसत होती. किल्ली परत करायची कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण मावशीला ती परत नको असेल. खोली तिने त्यानंतर दुसऱ्या कुणाला दिली नाही.

नकाशा लोकांना पाहण्यासाठी आणि हरकती घेण्यासाठी नगर सभागृहात लावला गेला. गल्ली ठेवणीतले कपडे घालून गेली. मीही गेले. भिंतभर नकाशा, आणि तो खरोखर सुंदर होता. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, मैदानं हिरवी. दूर कोपऱ्यात नव्या केंद्राचा लाल ठिपका. कुलूपवाला बोटाने बाजारपेठेपासून मागे मागे येत आपली गल्ली शोधत होता.

'ही निळी ती काय?' त्याच्या बायकोने विचारलं.

'ती बाजाराची असेल.'

'बाजार तर पुढे आहे.'

बोट थांबलं. गल्ली पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत निळी होती. पिवळ्याचा एक ठिपका नाही.

खाली टेबलावर प्रत्येक घराचा वेगळा कागद ठेवला होता. मावशीने आपल्या घराचा काढला. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते, पण तिच्या चेहऱ्यावरून मला आधी कळलं. तिने वाचलं नाही. वाचायला तिला लागलंच नाही. कागदाच्या कोपऱ्यात जांभळा ठसा होता आणि त्यातल्या 'स'च्या पोटात बारीक चीर.

तिने शेजारचा कागद उचलला. त्यावरही. मग त्याच्या शेजारचा.

कुलूपवाला तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होता. सगळ्या गल्लीने वर्षानुवर्षं तिचे शिक्के पाहिले होते, तिचं अक्षर सगळ्यांना ओळखू येई. तो हळूच म्हणाला, 'मावशी, हा तुमच्या हातचा.'

'हो.'

'तुम्हाला माहीत होतं?'

तिला उत्तर देता आलं असतं. नाही, मी विचारलंच नाही, आमच्याकडे विचारत नाहीत. पण हे उत्तर त्या सभागृहात किती पोकळ वाजलं असतं हे तिला उमगलं असावं. कुलूपवाल्याची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत दुसरीकडे बघू लागली. मला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका वर्तुळरावाचाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि मी त्याच्या नव्या कार्यालयात गेलो. इमारतीला अजून रंगाचा वास होता. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मावशीने पाण्याला हात लावला नाही.

'वरचं तुला माहीत होतं,' ती म्हणाली.

'मावशी, पाहणीचा नियम आहे. एका इमारतीला एकच रंग, आणि तो तळमजल्याच्या वापरावरून. मी नियम केला नाही.'

'आणि दुसरा काही नियम नाही?'

'मिश्र वापर असा शेरा देता येतो. पण मग प्रत्येक कुटुंब मोजावं लागतं. वसाहतीत तेवढ्या खोल्या नाहीत. वरून सांगितलं होतं की पट्ट्यात शेरे कमी ठेवा.'

'आणि तू कायम झालास.'

'त्याचा याच्याशी संबंध नाही.' मग जरा खालच्या आवाजात, 'मावशी, तुम्हाला मी समजावलं होतं. त्या पट्ट्यात वस्ती कमीच होत जाते. सगळीकडे तसंच झालंय. दहा वर्षांनी तिथे कोणी राहिलंच नसतं.'

'मग दहा वर्षांनी यायचं होतंस मोजायला.'

खिडकीबाहेर क्रेन फिरत होती. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. 'तुमच्या एका घराचं मी बघतो. तेवढं करता येईल. चूक झाली म्हणून लिहितो.'

'आणि कुलूपवाल्याचं?'

त्याने समोरची फाईल मिटली.

'तुला ताप आला होता तेव्हा त्याची बायको तुझ्या उशाशी बसली होती. ती काय तळमजल्यावर बसली होती का रे?'

आम्ही निघालो. बसमध्ये मावशी बराच वेळ बाहेर बघत होती. मला वाटलं, ती आता त्याला शिव्या देईल. ती म्हणाली, 'सुनावणीत त्याला समोर उभं करतील. तोंडावर खोटं नाही बोलायचा तो. मी ओळखते त्याला.'

मला आजही वाटतं, खरी फसवणूक नकाशात झालीच नव्हती. ती या वाक्यानंतर झाली.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. अधिकारी बाई थकलेल्या होत्या, त्यांच्यासमोर इतर गल्ल्यांच्या हरकतींचा ढीग होता. मावशीने गल्लीच्या वतीने सांगितलं, जिने आत आहेत, वर माणसं राहतात, येऊन बघा. काकांनी तिला शिकवून ठेवलेलं वाक्यही तिने म्हटलं, की तळमजला म्हणजे घर नव्हे. बाईंनी विचारलं, 'पाहणी करणाऱ्याने वर जाऊन पाहिलं नव्हतं का?'

'पाहायची गरज नव्हती, बाई,' मावशी म्हणाली. 'तो आमच्या वरच्या मजल्यावरच राहत होता.'

खोलीत हालचाल झाली. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीपाशी बसला होता.

'हे खरं आहे का? तुम्ही तिथे राहत होता?'

त्याने मावशीकडे पाहिलं. मी शपथेवर सांगेन, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना मुलगा होता, टीपकागद ओला करणारा. मग तो उठून म्हणाला, 'राहत नव्हतो, मॅडम. पाहणीच्या कामासाठी खोली घेतली होती. नकाशे ठेवायला. कार्यालयीन वापर होता.'

काकांनी तोंडावर हात धरला. मागे कुणीतरी खाकरलं. मावशी मात्र उभीच होती, आणि इतक्या शांतपणे बोलली की बाईंना पुढे झुकावं लागलं.

'मग माझी किल्ली दे.'

त्याने खिशातून जुडगा काढला. नुसत्या सवयीने, विचार न करता. किल्ली त्यात होती. कडी घट्ट होती, त्याला ती लवकर निघेना, नखं अडकत होती, आणि खोलीतले सगळे वाट बघत होते. कुलूपवाला पुढे झाला, त्याच्या हातातून जुडगा घेतला, एका झटक्यात किल्ली सोडवली आणि मावशीच्या तळहातावर ठेवली. पुन्हा त्याच्याकडे वळून म्हणाला, 'हरवली नाहीस. दिलेला शब्द पाळलास.'

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. मग कागदाकडे. 'नोंद नियमाप्रमाणे आहे,' त्या म्हणाल्या. 'पुढचा अर्ज.'

बाहेर व्हरांड्यात कुलूपवाल्याची बायको मावशीपाशी आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण घरी जाताना बसमध्ये ती मावशीच्या शेजारच्या सीटवर बसली.

गल्ली पाडली गेली. तिथून आता रस्ता जातो, आणि तो चांगला रस्ता आहे, मी त्यावरून रोज कामाला जाते. कुलूपवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे गेला. मावशी आणि काका आमच्याकडे आले, आईच्या मागच्या खोलीत. आईने कपडे दोनदा धुणं बंद केलं.

काही महिने मावशी नुसती बसून राहिली. मग एके सकाळी तिने सोबत आणलेल्या आरशामागचा टीपकागद काढला. मला वाटलं, आता फाडेल. तिने तो टेबलावर पसरला आणि बाजूच्या थेंबांकडे बोट दाखवून मला विचारलं, 'न्यायालय नवीन केंद्रात गेलं ना? आणि नोंदणीचं कार्यालय?'

'हो.'

'मग शिक्के तिकडे लागणार. आपलं दुकान तिकडे हवं.'

तिचा अंदाज बरोबर निघाला. नव्या केंद्राच्या मागच्या बाजूला, जिथे अजून कुणालाच जागा फारशी नको होती, तिथे तिने एक टपरीवजा गाळा घेतला. प्रेस आली, खिळे आले, काकांच्या मुठी आल्या. हळूहळू शेजारी झेरॉक्सवाला आला, मग टायपिंगवाली, मग एक चहावाला. वर कुणी राहत नाही, कारण वर काही नाही, पत्रा आहे. संध्याकाळी गाळा बंद करून दोघं बसने आमच्याकडे येतात. कधी कधी मी विचार करते की त्याने शिकवलेलं सगळं खरं होतं. वर्तुळं होती, पाचरी होत्या, लांब पडलेला थेंब खरोखरच पसरत गेला. कोण कुठे सरकेल हे त्याला नीट सांगता येत होतं. सरकवणारा हात मात्र त्या टीपकागदावर कुठे दिसला नव्हता.

मावशीने 'स'चा नवा खिळा आणलाय. आणि सासऱ्यांचा नियम मोडलाय. आता ती शिक्का करण्याआधी विचारते. गिऱ्हाईक चिठोरा पुढे करतं, ती अक्षरं वाचते, 'बरोबर ना?' म्हणते, आणि मग चष्म्यावरून बघत म्हणते, 'हा कशावर मारणार?' लोक चिडतात. काही निघून जातात. वकिलांचे कारकून तर तिच्या नकला करतात. पण बहुतेक जण शेवटी सांगतात, आणि ऐकून ती कधी कधी नुसती मान हलवते आणि चिठोरा परत करते. धंदा त्यामुळे थोडा कमी आहे. काका म्हणतात, 'चौकशी फुकट, शिक्का वेगळा.' ते विनोद पुन्हा करू लागलेत, पूर्वीइतके नाही.

परवा मी तिथे बसले होते तेव्हा नगररचना कार्यालयाचा शिपाई आला. चिठोऱ्यावर एक नाव आणि खाली मोठा हुद्दा. वर्तुळरावाला बढती मिळाली होती. नव्या पदाचा शिक्का हवा होता, घाईने.

मावशीने नाव वाचलं. आवाज तिचा तसाच होता. 'बरोबर ना?'

'हो, आजी.'

'हा कशावर मारणार?'

शिपाई गोंधळला. 'मला काय माहीत? साहेबांना माहीत.'

'मग साहेबांना पाठव. त्यांनी येऊन सांगावं.'

'साहेब शिक्क्यासाठी येणार होय?'

'जवळच आहे. रस्ता त्यांना ठाऊक आहे.'

शिपाई पुटपुटत गेला. मावशीने चिठोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्याच खिळ्याला ती किल्ली आहे.

काकांनी मूठ कातायला घेतली होती. विचारलं, 'साचा तरी लावून ठेवू का? आला तर?'

'नको,' ती म्हणाली आणि भिंग उचलून दुसऱ्या कुणाचे तरी खिळे उलटे वाचू लागली. भिंग तेच होतं, त्याने दिलेलं.

चिठोरा अजून तिथेच आहे.